शाई संपलेलं पेन

"मग काय, चुका काढायच्याच नाहीत का, मॅडम?"

भागवत घोडकेने जरा वरच्या पट्टीतच विचारलं. पुण्याहून पीएचडी करून तो आपल्याच जुन्या कॉलेजात लागला होता. काझी मॅडम निवृत्त झाल्यावर इंग्रजीतून संशोधन कसं लिहायचं ते शिकवणारा त्यांचा वर्ग त्याच्याकडे आला. जूनमध्ये एकवीस मुलं होती. दिवाळीनंतर उरली चार. सोमवारी पाचवं कुणी आलं नाही तर वर्ग बंद, असं प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

काझी मॅडम ओसरीवर कोवळ्या उन्हात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"काढू नको कुठे म्हटलं मी? किती काढतोस, एवढंच विचारलं."

"सारिका पावराच्या एका पानावर सत्तावन्न!" भागवतची मान ताठ झाली. "एक सोडली नाही."

"वा! मग तिने काय केलं?"

"…दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही."

मॅडमनी चार कोवळे दाणे तोंडात टाकले.

"या मुलांना शिकायचंच नाही, मॅडम. मी त्यावर लेखच लिहिलाय. उद्या पाठवतोय. जरा नजर टाकता?"

नजर म्हणजे शाबासकी, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मॅडमनी पदराला हात पुसले, चष्म्याच्या डबीतून लाल पेन काढलं आणि आठही पानं सावकाश वाचली. मध्ये एका जागी पेन चांगलं दाबून ओढलं. मग कागद परत दिले.

भागवतने पानं उलटीपालटी केली. कुठे लाल ठिपकासुद्धा नाही. स्वारी खूश!

"एकही चूक नाही?"

"एक आहे. खूण केलीय."

"कुठे?…" त्याने पुन्हा पाहिलं. "मॅडम, तुमचं पेन संपलंय."

"अकरा वर्षं झाली त्याला."

त्याने खिशातलं नवं लाल पेन पुढे केलं. मॅडमनी त्याकडे पाहिलंही नाही.

आता आली का पंचाईत! भागवतने पान उन्हात तिरपं धरलं. ओळी-ओळीवरून बोट फिरवलं. बोट फिरवता फिरवता स्वतःचा लेख त्याला पहिल्यांदाच इतका हळू वाचावा लागला. सहाव्या पानावर बोट अडकलं. एका वाक्याखाली नखाने ओढल्यासारखी खाच होती. 'ग्रामीण विद्यार्थ्यांना संशोधनात रस नाही,' असं त्याने झोकदार इंग्रजीत लिहिलं होतं.

"याचं व्याकरण तर बरोबर आहे!"

"अगदी बरोबर."

"शब्द चुकला?"

"छे. शब्द छान आहेत."

"मग?…"

मॅडमनी पुढची शेंग उचलली.

भागवतने वाक्य पुन्हा वाचलं. मग आणखी एकदा. त्याचे कान लाल झाले.

"…मी कुणाला विचारलंच नाही."

"सापडली की!" मॅडम मनापासून हसल्या. ओशाळलेला भागवतही हसला, आणि कितीतरी दिवसांनी त्याला मोकळं वाटलं.

"सारिका कुठे राहते, मॅडम?"

"एसटी स्टँडच्या मागे, पिठाच्या गिरणीला लागून."

तो लगबगीने उठला. पायऱ्या उतरला आणि परत वळला.

"मॅडम, ते पेन मला द्याल?"

"देईन की. आधी तुझं रिकामं करून ये… पोरांच्या वह्यांवर नाही हं."