चिमाईचा चाळीस काठ्यांचा दोर

धाकट्या जावेला दिरांनी वाटणीत ओढ्याकडेची चिंचोळी पट्टी दिली, त्या वर्षी मी चिमाईला नवस बोलले. तिला तिचं नीट मिळू दे, अकरा अक्षय्य तृतीया तुझा दोर वळीन. ही चिमाई कोण, ते ऐका.

फार जुन्या काळी आमच्या गावाची, दोरवेढ्याची, शेतं पुरात गेली. मग माळावर नवी जमीन मिळाली. हुकूम असा, की दर घराला मोजणीच्या काठीनं चाळीस काठ्या भरेल असा एक दोर आणि चार खुंट्या. दोर खुंट्यांभोवती ताणून आत येईल ते काटकोनी वावर त्या घराचं. दोर अंबाडीचे, वळणारी चिमाई.

वाटप गोंदजी नाईकाकडे. त्यानं विधवा गोजराला वावर दिलं एकोणीस काठ्या लांब आणि एक काठी रुंद. स्वतःचं मात्र दहा बाय दहा.

"नाईक, यात बैल वळायचे कुठं? पोरांना काय घालू?" गोजरा म्हणाली.

"दोर सारखाच आहे ना? मग रड कसली?"

आणि सगळं गाव माना डोलवत बसलं. मला नाईकापेक्षा त्या मानांचा संताप येतो, आजही.

चिमाई उठली. नाईक हसला. "बाई, तू दोर वळ. मोजणी तुझं काम नाही."

"तुमच्या दोरालाही माझ्याच मांडीवर पीळ बसलाय," ती म्हणाली. "त्याच्या पोटात किती मावतं, ते मला विचारा."

तिनं गोजराच्या खुंट्या हलवायला घेतल्या. एकोणीस आणि एक, आत काठीभर बाजूचे एकोणीस चौकोन. पंधरा आणि पाच, पंचाहत्तर. दहा आणि दहा, शंभर. पुढे अकरा आणि नऊ केले, तर नव्व्याण्णव. पुन्हा उतरण.

"शून्याच्या वरचं कुठलंही माप मागा, शंभरापर्यंत हा दोर देईल," ती म्हणाली. "शंभराच्या वर तीळभरही नाही. आणि तुम्ही हिला एकोणीस देऊन सारखं म्हणता?"

"माझा दोर एकशे एक देईल," म्हणत नाईकानं आपली खुंटी उपटली आणि नदीकडे ओढत सुटला. वावर लांबलं तसं रुंदीला आत आलं. तो थांबेना. शेवटी दोराच्या दोन्ही बाजू एकमेकींना भिडल्या आणि नाईक मधे अडकला, दोन पावलं टेकायलाही जागा नाही. दोर तेव्हा वीणेसारखा वाजत होता, असं म्हणतात. गोजराला शंभर देईन असं कबूल करेपर्यंत तो सैल झाला नाही, असंही म्हणतात.

आजही दोरवेढ्यात अक्षय्य तृतीयेला बायका चाळीस काठ्यांचा दोर वळतात आणि पहिला चौकोन एकटीच्या वावरात मांडतात. वाटणी असली की मोजणाऱ्याला सगळ्यात अरुंद तुकड्यात बैलजोडी वळवून दाखवावी लागते. माझ्या दिरांनाही लागली. जोडी वळली नाही. वाटणी पुन्हा झाली.

माझे सात दोर झालेत, चार राहिलेत. तुम्हीही एवढा नेम धरा. कुणी म्हणालं, सगळ्यांना सारखंच दिलंय, तर मान डोलवू नका. आधी त्यात बैल वळवून दाखवा म्हणा.