घोंगडीखालचे बियाणे

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील, शब्दही साधेच आहेत. शाळा लवकर सुटली. तेवढे सांभाळून घ्यावे.

पूर्वी काशी देशातल्या एका नगरात सुसीम नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व बैलाच्या जन्माला आले होते. राजकोठाराची एकबैली गाडी ते ओढत.

ज्यांचे पीक बुडाले त्यांना कोठारातून पेरणीसाठी बियाणे मिळे. घेणाऱ्याला लाज वाटू नये म्हणून गाडीवर घोंगडी टाकत. गाडी निघाली की रस्त्यावरचे लोक भिंतीकडे तोंड करून उभे राहत. ती कोणाच्या दारी गेली हे पाहायचे नाही आणि विचारायचेही नाही. दयेपोटी सुरू झालेली ही रीत होती. कोठाराचा अधिकारी वीरक याने तिच्याआड चोरी मांडली.

बैलाला मात्र कोणी भिंतीकडे वळवत नव्हते. गाडी कुठे रिकामी होते हे बोधिसत्त्व रोज पाहत, आणि त्यांच्या मनात संताप साचत गेला.

त्या वर्षी नदीकाठच्या उत्तरा नावाच्या विधवेचे पीक पुराने नेले. पाणी ओसरून जमीन वाफशावर आली, पण घरात पेरायला दाणा नव्हता. ती कोठारावर गेली. यंदाचे बियाणे वाटून संपले, असे वीरकाने सांगितले. कोणाला वाटले, असे तिने विचारले. नावे सांगितली तर गरिबांची अब्रू जाईल, असे म्हणून तो हसला. ऊन तापत होते. ओल उडाली तर पेरणी गेली, आणि मग वर्षभर तिच्या मुलांना उपास.

परतताना भर बाजारात तिला भरलेली गाडी दिसली. सगळे भिंतीकडे वळले. ती वळली नाही. बोधिसत्त्व तिच्यासमोर थांबले आणि जोखड मानेवर असतानाच खाली बसले. गाडीवानाने आधी चुचकारले, मग आसूड ओढला. वीरक धावत आला.

"माजलाय हा. कसायाला देऊन टाक."

बोधिसत्त्व माणसाच्या वाणीने म्हणाले, "दे. पण आधी घोंगडी काढ, आणि हे बियाणे कोणाचे ते मोठ्याने सांग."

गलका ऐकून राजा आला. वीरकाने हात जोडले. "महाराज, नाव उघडे केले तर बिचाऱ्या गरिबाला तोंड लपवावे लागेल."

"मीच ती गरीब," उत्तरा म्हणाली. "माझे नाव वेशीवर उभे राहून ओरडा. बियाणे तेवढे द्या."

बोधिसत्त्व म्हणाले, "राजा, उपाशी माणूस नाव लपवीत नाही. घोंगडी लागते ती पोट भरलेल्याला. माझा कासरा सोडायला सांग आणि मागून चाल. मी रोजच्या रस्त्याने जातो."

कासरा सुटला. बोधिसत्त्व नदीकडे गेले नाहीत. टेकडीवरच्या एका मोठ्या आवारात जाऊन उभे राहिले. ते आवार वीरकाच्या मेहुण्याचे होते. त्याची जमीन नजर पोहोचत नाही तिथवर होती. त्याच्या घोड्यांच्या गव्हाणीत राजाचे बियाणे पडले होते, आणि पोट भरलेले घोडे ते पायाखाली तुडवत होते.

राजाने वीरकाला कैद केले आणि ते आवार जप्त केले. त्या दिवसापासून घोंगडी गेली. चौकात दवंडीवाला बियाणे घेणाऱ्याचे नाव आणि गाव सांगे, मगच गाडीचे चाक हले.

उत्तराला बियाणे मिळाले. पण जप्ती आणि मोजदाद होईपर्यंत अर्धे शेत वाळून दगड झाले होते. तिने अर्धेच पेरले. चोर सापडला म्हणून उडालेली ओल परत येत नाही.

तेव्हाचा वीरक तो देवदत्त, राजा तो आनंद, उत्तरा ती उत्पलवर्णा, आणि तो बैल म्हणजे स्वतः तथागत. सत्य-पारमिता, म्हणजे सत्याचे पूर्णत्व, ती हीच. भिंतीकडे तोंड करून उभे असलेले लोक कोण होते, ते मात्र कोणी सांगितलेले नाही.

आमच्या गावातही शेतीचे अनुदान येते. कोणाला मिळाले, ते कोणी विचारत नाही. इथवर कथा लिहून झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अनुदानाच्या कार्यालयात गेलो आणि नावे विचारली. साहेब म्हणाले, आत ये, दार लाव. मी दार उघडेच ठेवले आणि पुन्हा विचारले, बाहेरच्यांनाही ऐकू जाईल असे.