डालग्याखालची कोंबडी

एका गावात बांबूच्या टोपल्या विणणारी एक बाई आणि तिची पाच वर्षांची लेक राहत होती. त्या गावची एक जुनी रीत होती. बाळ बाराव्या दिवशी घराबाहेर पडे आणि घरोघरच्या मांडीवर बसून येई. मगच त्याचं नाव ठेवत. ज्या घरानं दार लावलं, त्यानं बाळाचं वाईट चिंतलं असं समजत.

गावात लस टोचायला एक नर्सबाई यायची. सुई दिसली की टोपलीवालीच तोंड फिरवायची. शिवाय कुणाच्या तरी भाच्याला टोचल्यावर ताप आला होता, हे तिनं ऐकलं होतं. ती मनात म्हणायची, सगळ्यांच्या पोरांना टोचलंय, माझ्या एकीला राहिलं तर काय बिघडणार आहे?

म्हणून नर्सबाई दारात आली, तेव्हा तिनं लेकीला कोंबड्यांच्या डालग्याखाली झाकलं आणि सांगितलं, हिला मामाच्या गावी टोचून झालंय.

तेवढ्यात डालगं शिंकलं.

"कोंबडीला सर्दी झालीय," टोपलीवाली घाईघाईनं म्हणाली.

नर्सबाई हसली. "बरं. कोंबडीला बरं वाटलं की घेऊन ये. मी रागावणार नाही."

पण टोपलीवाली लेकीला घेऊन काही गेली नाही.

पुढे मायलेकी मामाच्या गावी जाऊन आल्या. तिथं गोवराची साथ होती. परतल्यावर दहा-बारा दिवसांनी लेकीला ताप चढला, डोळे लाल झाले आणि एका सकाळी कानामागे पुरळ दिसलं. नेमकं त्याच दिवशी शेजारच्या आजीचा नातू मांडीवर बसायला निघाला होता. इतक्या लहान बाळाला गोवराची लस देतच नाहीत. त्याला गोवर झाला तर जिवावर बेतलं असतं.

बाळाबरोबरच्या ताशाचा आवाज जवळ येऊ लागला. दार उघडं ठेवलं तर बाळाला धोका. लावलं तर गाव नावं ठेवणार, आणि कारण सांगितलं तर खोटंही उघडं पडणार.

तिनं लेकीला आत निजवलं, दार ओढून कडी घातली आणि तोंडाला पदर लावून ती ओट्यावर उभी राहिली.

"आजी, तिथंच थांबा," ती ओरडली. "बाळाला पुढं आणू नका. माझ्या लेकीला गोवर आलाय. तिला टोचलेलं नाही. मी खोटं बोलले होते."

ताशा थांबला. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे त्या दिवशी कुंपणापलीकडून ऐकलं, ती शिंकणारी कोंबडी हीच." कुणी हसलं नाही. आजी बाळाला पदराखाली घेऊन आल्या पावली परत गेली.

आठ दिवस लेकीला उजेड सहन होईना. खोकून खोकून ती काडीसारखी वाळली. नर्सबाई रोज येऊन तपासायची, औषधाचे थेंब द्यायची, पण तिनं टोमणा एकदाही मारला नाही. कुंपणापाशी रोज कुणी ना कुणी पेजेचं भांडं ठेवून जायचं. पुरळ दिसण्याच्या आदल्या दोन दिवसांत लेक गल्लीतल्या पोरांबरोबर खेळली होती, पण त्यांच्यातल्या कुणालाच गोवर झाला नाही. टोपलीवालीला तेव्हा कळलं, की इतके दिवस आपली लेक धडधाकट होती, ती या पोरांनी सुया सोसल्या म्हणून. तिला फार भरून आलं.

लेक बरी झाली. नर्सबाईनं हो म्हटल्यावर राहिलेलं बारसं ठरलं. ताशा या वेळी पहिल्यांदा टोपलीवालीच्याच दारात आला. आजीनं बाळ तिच्या मांडीवर ठेवलं.

"पहिली मांडी तुझी," आजी म्हणाली. "तू दार लावलंस, म्हणून हा आज सगळ्यांची दारं बघणार आहे."

राहिलेल्या बाकीच्या लशी घ्यायला लेक आईचं बोट धरून स्वतःच गेली. दारातूनच म्हणाली, "नर्सबाई, कोंबडी आलीय."

तात्पर्य: आपल्या लेकराला टोचलेली लस शेजारच्या पाळण्यातल्या बाळालाही राखते. भीती वाटली तर लेकराला लपवू नये, भीती बोलून दाखवावी.