राजाचा विस्तव

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हाचे डोंगर आता झिजून टेकड्या झाले असतील. समुद्राच्या एका काठावर एका बलाढ्य सम्राटाची राजधानी होती. दुसऱ्या काठावर त्यानेच पाठवलेल्या माणसांच्या तीन वसाहती होत्या: एक बंदरात, एक खाडीच्या मुखाशी आणि एक वर डोंगरावर.

सम्राटाचा एक नियम होता. त्याच्या वाढदिवशी वसाहतींतल्या साऱ्या चुली विझवायच्या. मग राजवाड्यातून जहाजाने विस्तव यायचा आणि त्यावरच नवी चूल पेटायची. विस्तव राजाचा, म्हणून त्यावर शिजलेला घास राजाचा, आणि तो खाणारी माणसंही राजाचीच.

हा विस्तव राखेच्या मडक्यात घालून घरोघर पोचवायचं काम आक्काकडे होतं. तीच तिन्ही वसाहतींची सुईण. गुडघे केव्हाच कामातून गेले होते, पण नाही कुणाला म्हणणार?

एका वर्षी ऐन थंडीत चुली विझल्या आणि त्याच दिवशी आक्काची लेक बाळंत झाली. जहाज लागलं तशी आक्का बंदरावर धावली.

"आधी जहाजात सागवान भरा, मग विस्तव," जहाजावरचा राजाचा सरदार म्हणाला.

"अहो, घरात ओली बाळंतीण आहे. शेक द्यायला निखारा नाही. पोर गार पडतंय."

"मग तुमच्या गड्यांना सांगा, जरा हात चालवा म्हणावं."

आक्का रिकामं मडकं घेऊन परतली. रडायचंही त्राण उरलं नव्हतं. तिने वाटेतली गारगोटी उचलली, विळ्याच्या पात्यावर आपटली, सावरीच्या कापसावर ठिणगी पाडली. लेकीच्या बाजेखाली शेगडी पेटली. थोड्या वेळाने पोर टॅहां करून रडलं.

शेजारीण दारात येऊन दचकली. "अगं बाई! आक्के, हा कुणाचा विस्तव?"

"बघ बाई, नाव घातलंय का कुणाचं त्याच्यावर."

शेजारणीने घाबरत घाबरत गोवरीवर एक निखारा नेला. तिच्याकडून तो पलीकडे गेला, खाडीवर गेला, डोंगरावर चढला. मग राजाचे सैनिक आले. लढाई झाली, आणि ती लवकर संपली नाही. आक्काचा जावई त्यात गेला. कितीतरी घरांत जेवायला माणसं कमी आणि ताटं जास्त झाली. शेवटी जहाजं यायची थांबली. आनंदाने नाचावं एवढा दम कुणातच नव्हता.

तिन्ही वसाहतींनी मिळून एक राष्ट्र केलं. बंदरातला म्होरक्या त्याचा प्रमुख झाला. माणूस वाईट नव्हता. पहिल्याच हिवाळ्यात त्याने दवंडी पिटवली: स्वातंत्र्याची आठवण म्हणून सगळ्यांनी चुली विझवाव्यात, बंदरातून नवा विस्तव येईल.

"विस्तव पोचवायचा मान तुमचाच, आक्का," तो म्हणाला.

"मान राहू दे. डोंगरावर एक पोर आजच जन्माला आलंय. त्यांची चूल तरी राहू द्या."

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे. नियम सगळ्यांना सारखा नको का?"

आक्काला हे बोलणं कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं. पण वाद घालायचाही कंटाळा आला होता. भाषणं लांबली. मडकं हाती पडेपर्यंत ऊन कललं. ती डोंगर चढू लागली. पावलागणिक तिला ते पोर दिसत होतं, निळ्या ओठांचं.

वर पोचली तर घराघरातून धूर निघत होता. आक्का मटकन खाली बसली. "पोर?"

"दूध पितंय," बाळाची आजी म्हणाली. "तुमची वाट बघितली असती तर हाती लागलं नसतं. सुईण म्हणून कधीही या आक्का, पण हे मडकं परत न्या. आणि म्होरक्याला सांगा, आजपासून आम्ही निराळे."

आक्काने निरोप जसाच्या तसा सांगितला. म्होरक्या खरोखर गोंधळला. "निराळे? अहो, आम्हीच तर त्यांना स्वातंत्र्य दिलं!"

"दिलं म्हणता ना, तिथेच गेलं सगळं," आक्का म्हणाली आणि पाय चोळत बसली.

डोंगराच्या पायथ्याशी त्याच हिवाळ्यात कुंपण पडलं. कालपर्यंत एकत्र लढलेली माणसं आता दोन्ही बाजूंनी त्यावर पहारा देऊ लागली.

तात्पर्य: राजा गेला तरी त्याचा हुकूम आपल्या तोंडी राहिला, तर आपलीच माणसं आपल्याला सोडून जातात.