खानावळवाल्याने ओढलेली गाडी

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक खानावळवाला राहत असे. त्याची बायको भाकऱ्या थापी, तो वाढी. मिठाच्या बैलगाड्या घाट चढायला निघाल्या की आधी त्याच्या अंगणात थांबत. चढाआधी बैलांना पोटभर वैरण द्यावी लागे. बैल खायला लागले की मग गाडीवान जेवायला बसत.

खानावळ एवढीशी होती. निम्मे गाडीवान उन्हात ताटकळत उभे राहत आणि खानावळवाल्याला ते बघवत नसे. अंगणावर छप्पर घालून तिथे आणखी एक पंगत बसवावी, असं त्याने ठरवलं. पण त्या गावात नवं छप्पर घालायचं तर पाटलांची परवानगी लागे.

त्याच्या शेजारी एक म्हातारी कुंभारीण राहत होती. त्याला तिने रांगताना पाहिलं होतं. रोज दुपारी त्याच्याकडून तिला आमटीची वाटी जाई. पण चावडीवर त्याने परवानगी मागितली, तेव्हा हरकत घ्यायला तीच उठून उभी राहिली.

"लेका, तुझ्या आमटीला मी कधी नाही म्हटलं नाही. पण अंगणात तू माणसं बसवलीस, तर गाड्या कुठं जातील?"

"राहतील की आजी, कुठंही उभ्या."

"कुठंही म्हणजे माझ्या दारात!"

पाटील अडचणीत पडले. त्यांना याची आमटी आवडे आणि घरात माठ तिच्या हातचा होता. बराच वेळ मिशी कुरवाळून ते म्हणाले, "येत्या बाजारच्या दिवशी अंगणाभोवती दोरी बांध. आत छप्पर उभं आहे असं समजायचं. संध्याकाळपर्यंत दोरी तशीच राहिली तर परवानगी. सुटली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

खानावळवाल्याने आनंदाने दोरी बांधली.

तो संक्रांतीआधीचा शेवटचा बाजार होता. कुंभारणीने महिनाभर खपून सुगडं घडवली होती. संक्रांत उलटली की सुगडाकडे कोण बघतं? सकाळीच तिने छकडा भरला, आपला म्हातारा बैल जुंपला आणि बाहेर पाहिलं, तर दारात मिठाच्या गाड्या आडव्यातिडव्या उभ्या. अंगणात दोरी होती, म्हणून गाडीवानांनी मिळेल तिथे गाड्या सोडल्या होत्या.

"अरे लेका," तिने हाक मारली, "उन्हं चढायच्या आत बायका बाजार करून घरी जातात. मला वाट दे रे!"

खानावळवाला हातातलं भांडं घेऊनच धावत बाहेर आला आणि तिथेच थबकला. गाडीवान भाकरी मोडत होते. जेवत्या माणसाला ताटावरून कसं उठवायचं? बैल वैरण खात होते. अर्धपोटी बैल घाट कसा चढतील? आणि दोरीच्या आत सगळं अंगण रिकामं पडलं होतं.

त्याने दोरीकडे पाहिलं. मग सुगडांकडे पाहिलं. आजी पदराने एकेक सुगड पुसत होती.

खानावळवाल्याने भांडं खाली ठेवलं आणि दोरी सोडली. मग पहिल्या गाडीपाशी जाऊन तो स्वतःच जुवाखाली शिरला. बायको पिठाच्या हातांनीच चाकाला लागली.

"नवा बैल घेतलाय वाटतं!" पंगतीतून एक गाडीवान ओरडला.

"शिंगं नाहीत हो त्याला!" दुसरा म्हणाला.

"तुम्ही जेवा रे निवांत," खानावळवाला धापा टाकत म्हणाला, "भात वाढायला बैलच येतोय!"

गाड्या एकेक करून अंगणात गेल्या. छकडा निघाला. जाताना आजीने त्याच्या घामेजल्या पाठीवर हात ठेवला आणि बैलाला म्हणाली, "चल रे बाबा. तुझा भाऊ दमला."

संध्याकाळी पाटील आले. "दोरी कुठे आहे?"

"मीच सोडली," खानावळवाला म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "छप्पर होणार नाही, पाटील. मला कळलं."

"काय कळलं तुला?" मागून आवाज आला. कुंभारीण रिकामा छकडा घेऊन परतली होती. "माझ्या भट्टीमागे माती काढून काढून मोठं मैदान झालंय. मागच्या वाटेने गाड्या तिथं सोड. बैल शेण टाकतील, मी गोवऱ्या थापीन, त्यावर माझी मडकी भाजतील. सरपणासाठी या वयात मी रानात किती हिंडू?"

"पण आजी, बैल नजरेआड असले की गाडीवानाला घास जात नाही."

"मग छपराची मागची बाजू उघडी ठेव! एवढंही मीच सांगायचं का?"

पाटील हसले. "माझी अट मोडली आहे," ते म्हणाले, "पण ज्यांच्यासाठी घातली होती, त्यांचीच तक्रार नाही. घाला छप्पर."

छप्पर झालं. पहिल्या पंगतीत पहिलं पान कुंभारणीचं होतं. आमटी वाढता वाढता खानावळवाल्याने विचारलं, "तिखट नाही ना झाली, आजी?"

"बैलाने केली आहे," ती म्हणाली, "चालायचंच."

तात्पर्य: आपल्याकडे येणाऱ्याची गाडी शेजाऱ्याच्या दारात अडली, तर ती हलवण्याचं काम आपलंच असतं. ते केलं की शेजारी जागा करून देतोच, असं ठामपणे सांगता येणार नाही. पण काम आपलंच असतं.