सहाव्या प्रश्नाचे पहिले उत्तर

“पण मग बाई, तुम्हाला कळतं तरी कसं, कुठल्या मुलानं पुढे काय करावं ते?”

हा प्रश्न निनाद कोपर्डे तिसऱ्यांदा विचारत होता. कराडच्या एका सभागृहात करिअर समुपदेशकांचे दोन दिवसांचे अधिवेशन भरले होते. जेवणे नुकतीच आटोपली होती आणि मागच्या व्हरांड्यात दमयंतीबाई हळबे ताकाचा पेला हातात धरून निवांत बसल्या होत्या.

बाईंनी चाळीस वर्षे शाळेतल्या मुलांना पुढची वाट निवडायला मदत केली होती. निनाद एकतीस वर्षांचा. त्याने एकशे ऐंशी प्रश्नांची एक कलचाचणी तयार केली होती. ती टॅबवर सोडवायची, की चाळीस मिनिटांत निष्कर्ष हाती. दोन वाजता तो ती मंचावर मांडणार होता. बाईंनी शिफारसपत्रावर सही केली, तर जूनपासून बावीस शाळा ती चाचणी घेणार होत्या. सही झाली नाही, तर तीन वर्षांचे काम कपाटात जाणार होते.

शिफारसपत्र बाईंच्या मांडीवर होते. चष्मा मात्र अजून त्यांच्या पिशवीतच होता.

“चौऱ्याण्णव टक्के अचूक आहे, बाई.”

“कशावरून?”

“वर्षभरानं मुलांना विचारलं, निवड बरोबर वाटते का. चौऱ्याण्णव टक्के मुलं हो म्हणाली.”

“विचारलं कुणी?”

“आम्हीच.”

“मग आणखी काय म्हणतील बिचारी?”

निनादचे कान तापले. ही त्रुटी त्याने स्वतःच नोंदवली होती... परिशिष्टात, बारीक टाइपात.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “मग तुमची पद्धत सांगा. तुमच्याकडे म्हणे एकच कागद असतो.”

“असतो की.” बाईंनी पिशवीत हात घालून तो काढला. आठ प्रश्न, कडा मऊ पडलेल्या. सोबत मागे रबर असलेली पेन्सिल. “भर.”

“मी?”

“विचारतंय कोण? तूच ना?”

निनाद मनातल्या मनात हसला. असल्या प्रश्नांची घडण त्याला पाठ होती. कोणते उत्तर कोणत्या कप्प्यात पडते, हे तो झोपेतही सांगू शकला असता. पहिले पाच प्रश्न त्याने भराभर उरकले.

सहाव्यापाशी हात थांबला. ‘कुणी बघत नसताना तू काय करतोस?’

त्याने एक ओळ लिहिली. वाचली. पुसली. तिथेच ‘व्यवसायविषयक वाचन’ असे लिहून कागदावर फुंकर मारली, उरलेले दोन प्रश्न संपवले आणि कागद बाईंच्या हाती दिला.

आता बाईंनी चष्मा चढवला. उत्तरे त्यांनी वाचली नाहीत. निदान वाचल्यासारखे दिसले नाही. त्यांनी कागद उन्हाकडे तिरपा धरला आणि पुसलेल्या पेन्सिलीचे वळ शोधू लागल्या.

“सहावा. कुंभार... पुढे काय होतं रे?”

निनादने कागद परत घ्यायला हात पुढे केला.

“ते मी रद्द केलंय, बाई.”

“दिसतंय. म्हणून तर विचारते.”

“कुंभारमाशी,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “आमच्या खिडकीच्या चौकटीत घर बांधते. मी ते बघत बसतो. बस, एवढंच. याला कुठल्याच कप्प्यात जागा नाही.”

“किती वेळ बघतोस?”

“परवा... पावणेतीन तास.”

“बायको काही म्हणत नाही?”

“म्हणते ना. माशीबाईंना विचारा, चहा घेणार का.”

बाई खळखळून हसल्या. त्या हसण्यात टिंगल नव्हती, म्हणून असेल कदाचित, निनाद बोलू लागला. चिखलाची इवलीशी गोळी ती कशी आणते, तोंडाने कशी थापते, मडक्यासारख्या त्या खोलीत जिवंत अळ्या कोंबून वर तोंड कसे लिंपते... बोलताना त्याची बोटे हवेत मडके घडवत होती. घड्याळाकडे त्याने बघितले नाही. बाईंच्या पेल्यातले ताक तसेच राहिले.

मधेच तो थबकला.

“तुझ्या त्या टॅबवर,” बाईंनी विचारले, “मुलानं उत्तर बदललं, तर आधीचं कुठे जातं?”

“कुठेच नाही. शेवटचं तेवढं जमा होतं.”

तो हे वाक्य बोलला आणि स्वतःच ते ऐकत राहिला...

मग त्याने हात पुढे केला. बाईंच्या मांडीवरचे शिफारसपत्र उचलले, त्याची घडी घातली आणि खिशात ठेवले. बाईंनी अडवले नाही.

आतून एक कार्यकर्ती लगबगीने आली. “कोपर्डे सर, अहो, सगळे बसलेत! अध्यक्षांनी दोनदा घड्याळ बघितलं.”

“आज चाचणी मांडत नाही मी. ती अजून पुरी झालेली नाही, असं सांगा.”

“आत्ता? असं ऐन वेळी?”

“मी स्वतः येऊन सांगतो. पाच मिनिटं द्या.”

ती कपाळावर हात मारून आत पळाली. निनाद उभाच होता. ओठांवर आलेला प्रश्न त्याने कितीतरी मुलांना विचारताना ऐकले होते. आपल्या तोंडून तो कसा निघतो, हे त्याला आजवर ठाऊक नव्हते.

“बाई... मी चुकीच्या कामात आलो का?”

बाईंनी खुर्ची पुढे ओढली.

“ते बघू. आधी मला सांग, ऐन मे महिन्यात, सगळं कोरडं ठाक असताना, ती चिखलाला पाणी आणते कुठून?”