गोमुखीतला जप

सासरी माझी पहिलीच चैत्रगौर. आमच्याकडे त्या वर्षीची पूजा नव्या सुनेने करायची रीत आहे, म्हणून मी सकाळीच नऊवारी नेसून तयार होते. तेवढ्यात चुलत सासरे आबाकाका आडवे आले. काकांचा जप अख्ख्या आळीला ठाऊक आहे. माळ असते गोमुखीच्या पिशवीत झाकलेली, आणि नाम पोचतं थेट चौकापर्यंत.

"वहिनी," ते सासूबाईंना म्हणाले, "हिच्या तोंडून देवाचं नाव कधी ऐकलंय का आपण? पूजा दुसऱ्या कुणाला तरी सांगा."

सासूबाईंचा चेहरा पडला. आता मी पोळ्या लाटताना मनातल्या मनात नाम घेते, हे सांगायचं तरी कसं? मी हळूच म्हटलं, "काका, एक विचारू? माळ या पिशवीत का घालतात हो?"

काका खुलले. "अगं, जप म्हणजे आपलं नि देवाचं गुपित! दुसऱ्याला पत्ता लागला की पुण्य घटतं."

"आणि माझ्या जपाचा पत्ता लागला का तुम्हाला?"

"छे! मुळीच नाही."

"मग माझा बरोबर चाललाय म्हणायचा."

सासूबाईंनी पदराआड हसू दडवत पूजेचं तबक माझ्या हातात दिलं. गौरीला कुंकू वाहताना मी मुद्दाम कान दिला. काकांची बोटं गोमुखीत फिरत होती, ओठही हलत होते, आवाज मात्र येत नव्हता.